मन्मथअप्पाचे गुडघे

मन्मथअप्पा बसमध्ये चढला की आधी खिशातून टेप काढायचा. शिंप्याकडे असतो तसला, पिवळा, कडा झिजलेला. एका बाकाची पाठ आणि पुढच्या बाकाची पाठ यांच्यामध्ये तो धरायचा, इंच वाचायचा, मान हलवायचा आणि पुढच्या बाकाकडे जायचा. मागे माणसं खोळंबलेली, कुणाच्या डोक्यावर पेटी, कुणाच्या कडेवर पोर. कंडक्टर ओरडला की अप्पा शांतपणे म्हणायचा, "गाडी चांगली हाय तुमची. पण बनवताना मला कुणी इचारलं न्हाई."

सगळी गाडी मोजून झाल्यावर तो ज्या बाकावर बसायचा, तो बहुतेक वेळा पहिल्यांदा मोजलेलाच असायचा.

अप्पाची उंची सहा फूट चार इंच. त्यातलं धड तुमच्याआमच्याएवढंच होतं. बाकी सगळे पाय. बसला की गुडघे हनुवटीशी यायचे आणि उभा राहिला की बोलणाऱ्याला त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीशी बोलावं लागायचं.

माझी ओळख आधी त्याच्या पायांशी झाली. लातूर जिल्हा नव्याने झाला तेव्हा उस्मानाबादेहून फायलींचे गठ्ठे ट्रकात घालून इकडे आणले, आणि त्यांच्या मागोमाग मला. कलेक्टर कचेरीत कारकून. गंजगोलाईच्या बाजारामागे एका बोळात खोली मिळाली. पहिल्याच सकाळी बादली घेऊन बाहेर पडलो आणि ओसरीवर कशाला तरी ठेचकाळून आडवा झालो. बघतो तर शेजारच्या दारातून दोन पाय बाहेर आलेले. पायांचा मालक आत झोपलेला.

"कोण हाय?" आतून आवाज आला.

"नवा शेजारी."

"मग सवय करून घ्या. खोली आखूड हाय."

मी कलेक्टर कचेरीत आहे हे कळल्यावर त्याने मला 'कलेक्टर' म्हणायला सुरुवात केली. मी तीनदा सांगितलं की मी कारकून आहे. तो म्हणाला, "आज हाय. उद्या काय माहीत?" बोळातली पोरंसोरंही मग तेच म्हणायला लागली, आणि खरे कलेक्टरसाहेब एकदा त्या रस्त्याने गेले तेव्हा मी घरात लपून बसलो होतो.

अप्पा मूळचा उदगीरकडचा. बोलण्यात अधूनमधून कानडी, बरंचसं उर्दू. आणि त्याचा धंदा काय, तर व्हॉलीबॉल. धंदाच म्हणायचा, कारण दुसरं काही तो करत नव्हता. सुगी संपली की गावोगावी स्पर्धा लागायच्या, आणि ज्या गावाला जिंकायचं असेल ते गाव अप्पाला घेऊन जायचं. या आठवड्यात बिलोलीकडून खेळायचा, पुढच्या आठवड्यात बिलोलीच्या विरुद्ध. देगलूर, धर्माबाद, पार बिदर आणि निजामाबादपर्यंत त्याला बोलावणं असे. सुट्टी असली की मीही बरोबर जायचो. जाळ्याजवळ तो नुसता हात वर करून उभा राहिला तरी समोरच्या संघाला बाकीचं आभाळ कमी पडायचं.

प्रायोजक हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. बॅनरवर 'सौजन्य' असं लिहायचे आणि बोलताना नुसतं 'शेठ' म्हणायचे. शेठ बनियन देणार, ढाल देणार, जेवण देणार, आणि शेवटी खुर्चीवर बसून हार घालून घेणार. आणि या सगळ्या शेठलोकांची अप्पाने जाहीर हजेरी घेतलेली. बक्षीस समारंभात आभार मानायचे म्हणून तो माइक हातात घ्यायचा. माइकची दांडी त्याच्या पोटाशी यायची, म्हणून तो माइक उपटूनच घ्यायचा. घसा साफ करायचा आणि सुरुवात ठरलेली: "तक्रार न्हाई, दरखास्त हाय."

धर्माबादला एका मिरचीच्या व्यापाऱ्याने लालभडक बनियन दिले. अप्पा माइकवर म्हणाला, "शेठनी बनियन दिले, उपकार हायत. फक्त ही चड्डी बघा. सकाळी पांढरी होती. आता रंग तुम्हीच सांगा." आणि तो गोल फिरून चारी बाजूंना चड्डी दाखवत राहिला. बिलोलीला एका बिडीवाल्या शेठने प्रत्येक खेळाडूला बिडीबंडल भेट दिलं. अप्पा म्हणाला, "श्वास आमचा, धंदा त्यांचा. इंतजाम चांगला हाय."

तुम्हाला वाटेल, शेठलोक चिडत असतील. थोडे चिडायचे. पण खरी गोष्ट अशी होती की सामना संपला की लोक उठून जायचे आणि शेठला रिकाम्या मैदानापुढे भाषण करावं लागायचं. अप्पा बोलणार म्हटलं की एक माणूस हलत नसे. म्हणून शेठलोकच पत्रिकेत छापून घ्यायला लागले, 'आभार : मन्मथअप्पा'.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. मांजरा नदीत पोरं क्रिकेट खेळायला लागली. धान्याच्या मोंढ्यात पोती येईनात, हमाल ओसरीला टेकून बसून असायचे. अशात स्पर्धा कोण भरवणार? मैदानावर शिंपडायला पाणी नाही, आणि पाणी असलं तरी ते मैदानावर शिंपडणारा माणूस घरी जिवंत परतला नसता. अप्पाचं बोलावणं थांबलं. तो ओसरीवर पाय पसरून बसायचा आणि येणारा जाणारा त्याचे पाय ओलांडून जायचा. आमच्या बोळात टँकर यायचा तेव्हा मात्र त्याला काम असे. वरच्या झाकणातून बादली सोडायला बाकीच्यांना शिडी लागायची, अप्पाला चाकावर एक पाय पुरायचा. तो बायकांच्या घागरी भरून द्यायचा आणि प्रत्येक घागरीमागे टँकरवाल्याला एक दरखास्त ऐकवायचा.

अशा दिवसांत दिल्लीकडच्या एका मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण आलं. आतापर्यंत आमची पोरं उस्मानाबादच्या नावाने खेळायची, किंवा राखीव म्हणून बसायची. आता आपला जिल्हा, आपला संघ. आठ खेळाडू निवडले. इंग्रजी फॉर्म भरता येतात एवढ्या एका गुणावर मला मॅनेजर केलं.

तेवढ्यात बातमी आली की नांदेडचा संघ रेल्वेने, रिझर्व्हेशन करून जाणार आहे. डाळमिलवाले चनबसप्पाशेठ आमच्या संघाचे सौजन्य होते. त्यांना ही बातमी लागली, आणि ते मोंढ्यात भर लोकांत बोलून गेले, "नांदेड रेल्वेनं जात असंल तर लातूर विमानानं जाईल." बोलून झाल्यावर त्यांचा स्वतःचा चेहरा जरा पडला होता, पण टाळ्या वाजून गेल्या होत्या. लातूरला विमान नव्हतं. हैदराबादला बसने जायचं आणि तिथून विमानात बसायचं असं ठरलं.

अप्पा त्या दिवशी संध्याकाळी माझ्या खोलीत आला. दारात वाकला, आत आल्यावर वाकलेलाच राहिला.

"कलेक्टर, विमानात दोन बाकांमधे किती जागा असते?"

"मी कुठं बसलोय विमानात?"

"मग लिहा त्यांना. इंग्रजीत लिहा."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर मी अप्पाचं माप घेतलं. कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच. सगळा बोळ गोळा झाला. एक म्हातारी विचारून गेली की पोराचं लग्न ठरलं का. कचेरीतल्या टाइपरायटरवर मी पत्र टंकलं, की आमचे एक खेळाडू असे असे आहेत, त्यांना सर्वांत पुढची जागा मिळावी. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. विमान कंपनीने पत्राबद्दल आभार मानले होते आणि प्रवासासाठी शुभेच्छा दिल्या होत्या.

अप्पाने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाला, "शुभेच्छा किती इंच असतात?"

संघाला निरोप द्यायचा समारंभ मोंढ्यात झाला. चनबसप्पाशेठ खुर्चीवर. नवे बनियन आलेले, पाठीवर मिलचं नाव. अप्पाने माइक उपटला.

"तक्रार न्हाई, दरखास्त हाय. शेठ, तुम्ही तुरीचं पोतं ट्रकात घालता तेव्हा त्याला लागते तेवढी जागा देता. पोतं मोडून घालत न्हाई. मला बी पोतं समजा. दिल्लीला जाऊन मला उभं राहायचंय. घडी होऊन गेलो तर उलगडायलाच दोन दिस लागतील."

हमाल लोक हसून हसून पोत्यांवर पडले. शेठ हसले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ज्या दुष्काळात पाण्याला माणूस महाग झाला त्यात मी विमान दिलं, आणि हा भर मोंढ्यात मला जागेवरून बोलतो. लगेच, तिथल्या तिथे, त्यांच्या मुनिमाने मला बाजूला घेऊन सांगितलं: अप्पाने चारचौघांत माफी मागायची, नाहीतर संघ अप्पाशिवाय जाईल.

संघ माझ्या खोलीत जमला. अप्पाशिवाय आम्ही दिल्लीला जाणं म्हणजे फोटो काढून परत येणं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आमचा सर्व्हिस करणारा युनूस, सगळ्यांत गरीब स्वभावाचा, अप्पाचा हात धरून म्हणाला, "अप्पा, आमच्यासाठी एकदा बोला. आम्ही पुन्हा कधी जाणार?"

अप्पाने त्याच्याकडे वरून बघितलं. मग म्हणाला, "कबूल. पण माइक पायजे."

रविवारी शेठच्या पाणपोईचं उद्घाटन होतं. रांजण, ओलं फडकं, साखळीला बांधलेला पितळी पेला. गर्दी पाणपोईपेक्षा माफीसाठी जास्त. अप्पा उभा राहिला.

"परवा मी बोललो ते चुकलं. शेठनी या दिवसांत आम्हाला विमान दिलं. असं कुणी दिलेलं न्हाई, आणि देणार बी न्हाई. शेठचं मन लई मोठं हाय. येवढं मोठं हाय की त्यात माझे पाय बसतील असं मला वाटलं. शेठ, माफ करा."

शेठच्या मिशा हलल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्या नाहीत तोच अप्पाने पेला उचलून बघितला आणि माइक पुन्हा तोंडाजवळ नेला. "एक दरखास्त हाय. ही साखळी आखूड हाय. मला पाणी प्यायचं तर गुडघ्यावर बसावं लागून राहिलं."

आता मात्र शेठच सगळ्यांत आधी हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि त्यांच्याच पाणपोईचं पहिलं पाणी त्यांना पाजावं लागलं. दुसऱ्या दिवशी साखळी हातभर लांब झाली होती.

आम्ही निघालो. बसने दिवसभर हैदराबाद. विमानतळावरच्या खिडकीत एक सभ्य तरुण होता. त्याने अप्पाकडे बघितलं, मान वर करत करत पूर्ण बघितलं, आणि खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाला की पुढची रांग तान्ह्या मुलांच्या आयांना दिली आहे. अप्पाची नजर त्या तरुणाच्या मागे गेली. तिथे सूचना देण्याचा माइक होता. मी पटकन मधे उभा राहिलो.

विमानात त्याला मधल्या वाटेच्या कडेची जागा मिळाली, मला वाटेपलीकडची. त्याने टेप काढला, मोजलं, आणि टेप खिशात ठेवून दिला. इंच मला सांगितले नाहीत. मग त्याने एक एक करून पाय आत घातले. गुडघे पुढच्या पाठीत असे रुतले की पुढच्या माणसाने वळून बघितलं. अप्पाने त्याला नमस्कार केला.

त्याच्या शेजारी एक तेलुगू म्हातारी येऊन बसली. ठेंगणी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, मांडीवर गाठोडं. लेकीकडे चालली होती आणि घाबरली होती. तिने अप्पाला त्याचं गाव विचारलं असावं. अप्पाला निजामाबादच्या स्पर्धांतलं मोडकंतोडकं तेलुगू येत होतं, त्याने काहीतरी सांगितलं. विमान धावायला लागलं तशी म्हातारीने डोळे मिटून अप्पाचं मनगट धरलं. वर गेल्यावर सोडलं आणि गाठोड्यातून लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने तिला झोप लागली. मान कलंडली. खांद्यापर्यंत ती पोचत नव्हती, म्हणून अप्पाच्या दंडावर डोकं टेकून झोपली.

तेवढ्यात हवाई सुंदरी आली. पुढच्या रांगेत एक बाई आलीच नव्हती, जागा मोकळी होती. ती हिंदीत अप्पाला म्हणाली, "आप आगे आ जाइए, वहाँ पैर फैलाने की जगह है।"

मला वाटलं, झालं, सगळं सार्थकी लागलं. अप्पाने मान हलवली. नको.

तिला वाटलं त्याला कळलं नाही. मी वाटेपलीकडून म्हणालो, "अप्पा, पुढची जागा मिळतेय. जा की."

"श्शू," अप्पा म्हणाला. "झोपलीय."

दिल्ली येईपर्यंत त्याने हात हलवला नाही. उतरल्यावर दहा मिनिटं तो पाय झटकत उभा होता आणि आमची पोरं त्याच्या पोटऱ्या चोळत होती.

"काय केलंत हे?" मी म्हणालो. "महिनाभर ज्या जागेसाठी बोंब मारली ती समोरून चालत आली."

"म्हातारी जागी झाली असती."

"झाली असती तर झाली असती."

तो वाकून पोटरी चोळायला लागला. "शेजारी येऊन बसली होती की ती."

"तिचा नंबरच तिथं होता, अप्पा."

"हाव, तेच की," अप्पा म्हणाला. मला त्यातलं काही कळलं नाही.

आम्ही दोन सामने जिंकलो. तिसऱ्यात उत्तरेकडच्या एका संघाने आम्हाला सरळ हरवलं. त्यांच्यात अप्पाएवढे चौघे होते. आम्ही तोंडं पाडून बसलो होतो, आणि अप्पा त्या चौघांबरोबर चहा पीत उभा होता, हसत होता, एकाच्या खांद्यावर हात टाकून. परत आला तेव्हा म्हणाला, "आयुष्यात पयल्यांदा सरळ मानेनं कुणाशी बोललो."

येताना विमान नव्हतं. चनबसप्पाशेठचं म्हणणं, जाताना फोटो निघतात, येताना कोण बघतं. आम्ही पॅसेंजरने, गाड्या बदलत, तिसऱ्या दिवशी लातूरला पोचलो. मोंढ्यात सत्कार झाला. हरून आलो होतो तरी झाला, कारण नांदेडचा संघ पहिल्याच सामन्यात हरला होता. लोक अप्पाच्या माइकची वाट बघत होते. विमानातल्या जागेवर तो काय बोलतो, एका बाजूच्या तिकिटावर काय बोलतो.

अप्पा म्हणाला, "तक्रार न्हाई, दरखास्त हाय. शेठ, तुम्ही आम्हाला ढगांच्या वर नेलं. मी बघून आलो. ढग हायत, लई हायत, कमी न्हाईत. फक्त आपल्याकडं यायचा इंतजाम बराबर न्हाई. तेवढं कुणाला सांगता आलं तर बघा."

अख्ख्या मोंढ्याने आधी वर बघितलं, आणि मग तो हसला. जागेबद्दल अप्पा एक शब्द बोलला नाही.

पुढे दीडेक महिन्याने कचेरीच्या कामासाठी मला उदगीरला जायचं होतं. अप्पाही गावाकडे निघाला होता. आम्ही एकाच गाडीत चढलो. त्याने बाक मोजले आणि वाटेच्या कडेला बसला, पाय वाटेत सोडून. मी नेहमीसारखा पलीकडच्या बाकावर बसलो. गाडी स्टँडवरच भरली. बायका, म्हातारे, रिकाम्या घागरी घेतलेली माणसं, दांडीला लोंबकळणारे. आणि अप्पाच्या शेजारची, खिडकीकडची जागा रिकामी.

एक बाई आली, तिने त्या गुडघ्यांकडे बघितलं आणि पुढे जाऊन उभी राहिली. एक धोतरवाला आला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि दांडीला धरून राहिला. अप्पा प्रत्येक वेळी पाय आत ओढून घ्यायचा, जमेल तेवढी वाट करायचा, वर बघायचा. माणूस पुढे गेला की पाय पुन्हा बाहेर सोडायचा आणि खिडकीतून बाहेर बघायला लागायचा.

मी किती वर्षं त्याच्याबरोबर प्रवास केला होता. मोजायला बसलो तर एकदाही त्याच्या शेजारी बसलो नव्हतो. हैदराबादला जातानासुद्धा पलीकडे.

नळेगावच्या अलीकडे मी उठलो, माझी जागा त्या धोतरवाल्याला दिली, आणि अप्पाचे गुडघे ओलांडून खिडकीकडे जाऊन बसलो. ओलांडताना पिशवी त्याच्या डोक्याला लागली. त्याचा गुडघा माझ्या बरगडीशी आला आणि तिथेच राहिला.

"काय झालं, कलेक्टर?"

"तिकडं ऊन लागत होतं."

अप्पाने खिडकीकडे बघितलं. सगळं ऊन माझ्या तोंडावर होतं. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने खिडकीच्या गजाला बांधला, नीट, दोन गाठी मारून, आणि मग आपल्या आईबद्दल बोलायला लागला. ती किती बुटकी आहे, चुलीपुढे बसली की दिसतसुद्धा नाही, आणि अजून त्याला जेवायला वाढताना ओरडते की वाकून बस, मला तुझं तोंड दिसून न्हाई राहिलं. उदगीर येईपर्यंत तो बोलत होता.